नेटवर्कचा कामगार हाही कामगारच

गिरणी, गोदी, रेल्वे, बँक, विमा या क्षेत्रांतील कामगारांचे प्रश्न या पानांच्या वाचकांना नवे नाहीत. आज आम्ही ज्या कामाविषयी लिहीत आहोत, ते मात्र अजून कोणी काम म्हणून नीट मोजलेलेच नाही. बँकेत पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातात, रेल्वेचे आरक्षण होते, रुग्णालयातला तपासणी अहवाल क्षणात डॉक्टरांपुढे येतो, रेशन दुकानातले यंत्र अंगठा ओळखते. या सगळ्यामागे संगणकांना एकमेकांशी जोडणारे जाळे आहे. ते जाळे टाकणारी, सांभाळणारी आणि तुटले की रात्री-अपरात्री सांधणारी माणसे आहेत. कोणी खांबावर चढून केबल ओढतो, कोणी कार्यालयाच्या तळघरात स्विच आणि राउटर सांभाळतो, कोणी रात्रभर पडद्यासमोर बसून शेकडो जोडण्यांवर नजर ठेवतो.

आम्ही म्हैसूरमध्ये हे काम करतो. आमच्यांत कन्नड, तमीळ, उर्दू बोलणारे आहेत, तसेच बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड या भागांतून डिप्लोमा करून इकडे आलेले मराठी बोलणारेही आहेत. भाषा वेगवेगळ्या असल्या तरी अनुभव सर्वांचा एकच आहे. पुणे, नाशिक किंवा नागपूरच्या आमच्या भावंडांचा अनुभव याहून फार वेगळा असेल असे आम्हाला वाटत नाही.

म्हैसूर म्हटले की राजवाडा, दसरा, चंदन आणि रेशीम आठवते. परंतु हेब्बाळ, हूटगळ्ळी, मेटगळ्ळी या औद्योगिक वसाहती, माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची मोठाली आवारे, बँका, रुग्णालये, विद्यापीठ आणि हॉटेले यांचा कारभार आता या जाळ्यावर चालतो. तार तुटली की कारभार थांबतो. कारभार थांबला की आमची आठवण होते. तो सुरळीत चालू असतो तेव्हा आम्ही कोणाच्या खिजगणतीत नसतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. आमचे रोजचे त्रास वरवर तांत्रिक कटकटी वाटतात. प्रत्यक्षात ते कामगार प्रश्न आहेत आणि त्यांची मुळे दोन आहेत. एक, आमच्या कामाच्या वेळेची नोंद होत नाही. दोन, आमचा मालक कोण हे कागदावर दिसत नाही. या दोन गोष्टी सुधारल्याशिवाय कितीही नवी यंत्रे आली तरी आमची स्थिती सुधारणार नाही.

दोष कोणाचाही, बोल आम्हाला

आमचा दिवस ‘नेट बर्ता इल्ला सार’ म्हणजे ‘साहेब, नेट येत नाही’ या वाक्याने सुरू होतो. प्रत्यक्ष जाऊन पाहावे तर कोणाचा पासवर्ड संपलेला असतो, कोणाच्या संगणकात व्हायरस शिरलेला असतो, कोणाच्या प्रिंटरमध्ये कागद अडकलेला असतो, कुठे सकाळी झाडलोट करताना प्लग निघालेला असतो. तक्रारीच्या वहीत मात्र सगळ्यांची नोंद एकच होते : नेटवर्क बंद. दोष नेटवर्कचा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी आमच्यावर येते. कोर्टात आरोपीला निर्दोष मानून सुनावणी सुरू होते. इथे आम्हाला दोषी मानूनच दिवस सुरू होतो आणि निम्मा दिवस निर्दोष ठरण्यात जातो.

खरे बिघाडही कमी नसतात. एखादा कर्मचारी टेबलाखाली मोकळी पडलेली केबल पाहतो आणि चांगल्या हेतूने तिचे सुटे टोक भिंतीवरच्या रिकाम्या जागेत खोचतो. केबलची दोन्ही टोके एकाच स्विचला लागतात, संदेश गोल गोल फिरू लागतात आणि पाच मिनिटांत सगळा मजला ठप्प होतो. तीस-चाळीस टेबलांखाली रांगत ती एक तार शोधावी लागते. उंदीर केबल कुरतडतात. वीज वाचवण्यासाठी कोणीतरी रात्री सर्व्हर रूमचा एसी बंद करतो आणि पहाटे यंत्रे तापून बंद पडतात. एप्रिल-मेच्या वळवाच्या पावसात वीज कोसळली की तिचा झटका तांब्याच्या तारेवाटे आत येतो आणि एका रात्रीत कितीतरी पोर्ट जळतात. रस्त्याच्या कामावरचा जेसीबी गटारासाठी खणता खणता फायबरची केबल उपटून काढतो.

ही फायबरची केबल सांधणे म्हणजे काय, हे एकदा पाहण्यासारखे आहे. आतला काचेचा धागा साधारण माणसाच्या केसाएवढा असतो. तो सोलायचा, पुसायचा, अगदी काटकोनात कापायचा आणि यंत्रात दोन टोके समोरासमोर आणून वितळवून जोडायची. धुळीचा एक कण बसला तरी जोड बिघडतो. हे काम बंदिस्त, स्वच्छ खोलीत व्हायला हवे. आम्ही ते रस्त्याच्या कडेला, खड्ड्याशेजारी, कोणीतरी धरलेल्या छत्रीखाली, मोबाइलच्या उजेडात करतो. कापलेल्या काचेची कुसळे बोटांत शिरतात आणि दिवसचे दिवस ठणकतात. त्याच वेळी खिशातला फोन सारखा वाजत असतो : ‘अजून किती वेळ?’

दसऱ्याच्या दिवसांत तर शहर रात्रभर जागे असते. रोषणाईसाठी खांब लागतात, मिरवणुकीसाठी रस्ते मोकळे लागतात, आणि वाटेतल्या केबली कधी हलवल्या जातात, कधी सरळ कापल्या जातात. लोक दिवे पाहायला बाहेर पडतात, आम्ही शिडी घेऊन बाहेर पडतो. सणाबद्दल आमची तक्रार नाही. त्या रात्रींची गणती कोणत्याच हजेरीपत्रकात होत नाही, ही तक्रार आहे.

ओरडणारा ग्राहकही बहुधा कामगारच असतो, हे आम्ही जाणतो. बँकेच्या खिडकीपाशी रांग तुंबली की शिव्या कारकुनाला बसतात. रुग्णालयात अहवाल अडकला की नातेवाईक परिचारिकेवर धावून जातात. त्यांचा राग आमच्यावर येतो आणि आमचा राग नव्याने लागलेल्या पोरावर निघतो. कामगाराने कामगारावर ओरडावे आणि अपुरी माणसे नेमणारा, जुनी यंत्रे न बदलणारा, पर्यायी लाइनचा खर्च वाचवणारा वरचा माणूस नामानिराळा राहावा, अशी ही व्यवस्था आहे.

बिघाड फक्त आमच्याकडेच होतात असेही नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास बंद पडले. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेमुळे कंपनीचे स्वतःचे जाळेच बाहेरच्या जगापासून तुटले आणि शेवटी माणसांना प्रत्यक्ष यंत्रांपाशी जावे लागले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगातील सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तेव्हाही देशोदेशीचे तंत्रज्ञ एकेका संगणकापाशी जाऊन हाताने दुरुस्ती करत होते. ‘सगळे आपोआप चालते’ म्हणणाऱ्यांनी हे दोन दिवस विसरू नयेत.

घड्याळ मालकाच्या हातात

नेटवर्कच्या देखभालीचे काम दिवसा करता येत नाही, कारण दिवसा कारभार थांबवता येत नाही. म्हणून नवा राउटर बसवणे, जुना स्विच बदलणे, सॉफ्टवेअर बदलणे ही कामे रात्री अकरा ते पहाटे चार या वेळात ठरतात. सकाळी नऊला कारभार सुरू होतो तेव्हा ‘सगळे नीट चालते का’ हे पाहायला तोच माणूस पुन्हा हजर लागतो. भरपाईची सुट्टी मागितली तर उत्तर मिळते, ‘स्वल्प ॲडजस्ट माडि’, जरा सांभाळून घ्या. कर्नाटकात हे वाक्य प्रेमाने उच्चारले जाते. बसमध्ये तिसऱ्याला जागा देण्यासाठी ते ठीक आहे. पण एक आख्खा उद्योग कामगारांच्या ‘ॲडजस्ट’वर उभा राहतो तेव्हा त्याला प्रेम म्हणत नाहीत, पिळवणूक म्हणतात.

त्यात ‘ऑन कॉल’ नावाचा प्रकार आहे. आठवडाभर फोन उशाशी ठेवायचा, शहराबाहेर जायचे नाही, लग्नाकार्यात जेवणाच्या पंगतीतूनही उठायचे. फोन आला तर ते काम, नाही आला तर ती विश्रांती, असे व्यवस्थापन मानते. अग्निशामक दलाचा जवान केंद्रावर आगीची वाट पाहत बसतो, तेव्हा आपण त्याला रजेवर आहे असे म्हणतो काय? ताटकळत राहणे हेही कामच असते.

सेवेच्या करारात ९९.९ टक्के वेळ जाळे चालू राहील अशी हमी लिहिलेली असते. याचा अर्थ वर्षभरात पावणेनऊ तासांपेक्षा जास्त काळ ते बंद पडता कामा नये. ९९.९९ टक्के म्हटले तर वर्षाला अवघी ५२-५३ मिनिटे. यंत्राच्या विश्रांतीचा हिशेब असा मिनिटामिनिटाने ठेवतात. माणसाच्या विश्रांतीचा हिशेब तासातसुद्धा ठेवत नाहीत.

कायदा काय म्हणतो? कर्नाटकच्या १९६१ च्या दुकाने व व्यापारी आस्थापना कायद्याने दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घातली. ओव्हरटाइम धरून दिवसाला १० तास आणि तीन महिन्यांत ५० तास ओव्हरटाइम, त्यालाही दुप्पट दराने मजुरी, अशी तरतूद केली. जुलै २०२४ मध्ये माहिती तंत्रज्ञान क्षेत्रासाठी ही मर्यादा वाढवून दिवस १४ तासांपर्यंत ताणण्याचा प्रस्ताव राज्य सरकारपुढे आला. कर्नाटक राज्य आयटी कर्मचारी युनियनने त्याला रस्त्यावर येऊन विरोध केला आणि तो पुढे सरकला नाही. जून २०२५ मध्ये रोजचे १० तास, ओव्हरटाइमसह १२ तास, असा प्रस्ताव पुन्हा मांडला गेला आणि पुन्हा विरोध झाला. आठ तासांच्या दिवसासाठी कामगारांनी शंभर वर्षांपूर्वी लढा दिला. तो पुन्हा लढावा लागेल असे कोणाला वाटले होते?

कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आणला. ऑस्ट्रेलियात तो २६ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी अशा हक्काचे खाजगी विधेयक २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत मांडले. आमची भूमिका याबाबत स्पष्ट आहे. रुग्णालयाची लाइन रात्री दोन वाजता तुटली तर ती रात्री दोन वाजताच जोडली गेली पाहिजे, हे आम्हाला मान्य आहे. फोन वाजूच नये असे आम्ही म्हणत नाही. ज्याने तो उचलायचा त्याची पाळी लिहिलेली असावी, पाळीला मजुरी असावी, आणि दुसऱ्या दिवशी त्याला झोप मिळावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. त्यासाठी एक माणूस जास्त नेमावा लागेल. खरे भांडण त्या एका माणसाचे आहे.

मालक कोण, हे सांगा

आता दुसरे मूळ पाहू. एखाद्या मोठ्या संस्थेच्या नेटवर्कचे काम एका नामांकित कंपनीला मिळते. ती ते दुसऱ्या कंपनीला देते. दुसरी कंपनी शहरातल्या ठेकेदाराला देते. ठेकेदार माणसे पुरवणाऱ्या एजन्सीकडून माणसे घेतो. संस्थेच्या दारावर आमच्या गळ्यातले ओळखपत्र एका नावाचे असते, शर्टावरचे चिन्ह दुसऱ्याचे, पगार तिसऱ्याकडून येतो आणि हुकूम चौथ्याचा चालतो. पगार थकला की चौघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

हे आपोआप घडलेले नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा तारांचे जाळे दूरसंचार खात्याच्या कायम कामगारांच्या हातात होते. लाइनमन होता, केबल जोडारी होता, त्याला खात्याच्या प्रशिक्षण केंद्रात पगारी शिक्षण मिळत होते. १ ऑक्टोबर २००० रोजी भारत संचार निगम स्थापन झाले. पुढे स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी ७८ हजारांहून अधिक कर्मचारी निगममधून बाहेर पडले. माणसे गेली, तारा राहिल्या. त्या तारांचे काम ठेकेदारांकडे गेले. खाजगी क्षेत्रात तर सुरुवातीपासून ठेक्याचाच कारभार होता.

या साखळीत वरून येणारा दंड न चुकता खाली उतरतो. आमच्या एका सहकाऱ्याच्या हद्दीत जेसीबीने केबल तोडली. लाइन जोडायला सात तास लागले. करारानुसार वरच्या कंपनीने ठेकेदाराचे पैसे कापले आणि ठेकेदाराने त्या महिन्यात या मुलाच्या पगारातून तीन हजार रुपये वळते केले. खणणारा दुसरा, परवानगी देणारा तिसरा, आणि दंड भरतो तो ज्याने चिखलात बसून केबल जोडली! हा एकट्याचा अनुभव नाही. आमच्यांतल्या बहुतेकांना तो कधी ना कधी आला आहे.

इथे सर्वांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. या संहितांविरुद्ध कामगार संघटनांचा लढा चालू आहे आणि तो योग्यच आहे. पण त्यांत जे आपल्या उपयोगाचे राहिले आहे, ते आपण वापरलेच पाहिजे. वेतनसंहितेनुसार कामगाराला कारणे दाखवण्याची संधी दिल्याशिवाय दंड करता येत नाही, आणि दंड एका पगाराच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. नुकसानभरपाई म्हणून पैसे कापायचे तर ते नुकसान कामगाराच्या हयगयीने झालेले असावे लागते आणि त्यालाही आधी बाजू मांडू द्यावी लागते. जेसीबीने तोडलेली केबल ही कोणत्या अर्थाने कामगाराची हयगय? ठेकेदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ आस्थापनेवर येते. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक झाले आहे. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत झाला पाहिजे.

याच संहितांनी दुसऱ्या हाताने काय काढून घेतले, तेही सांगितले पाहिजे. कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्याचे संरक्षण २० कामगार असलेल्या ठिकाणी मिळत होते. आता ती मर्यादा ५० झाली. आमचे बहुतेक ठेकेदार दहा-पंधरा मुले ठेवून काम करतात, म्हणजे आम्ही सरळ बाहेर पडलो. स्थायी आदेशांची सक्ती १०० कामगारांवरून ३०० वर गेली. कर्नाटकात तर आयटी उद्योगाला स्थायी आदेशांच्या जुन्या कायद्यातून २०१४, २०१९ आणि २०२४ अशी तीनदा, पाच-पाच वर्षांसाठी सूट दिली गेली. सूट घेणाऱ्यांनी तक्रार निवारण समित्या नेमायच्या होत्या. त्या समितीत कोण आहे हे आमच्यापैकी कितीजणांना माहीत आहे, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या कामाच्या ठिकाणी विचारावा.

शिडी, खांब आणि जीव

ज्या खांबावर फायबर असते त्याच खांबावर बहुधा विजेची तार असते. पावसात ओल्या खांबावर, बांबूच्या शिडीवरून, सुरक्षा पट्टा आणि रबरी हातमोजे न घालता चढावे लागते. पट्टा मागितला तर ‘दोन मिनिटांचे तर काम आहे’ असे ऐकावे लागते. पडायला दोन सेकंद पुरतात. जमिनीखालच्या चेंबरमध्ये उतरताना आत हवा आहे की विषारी वायू, हे पाहण्याचे साधन आम्हाला मिळत नाही. तक्रार किती मिनिटांत बंद झाली हे ॲपवर दिसते, आमचा माग जीपीएसवर दिसतो. खांबावर चढण्यापूर्वी वीज बंद केली होती का, हा रकाना मात्र त्या ॲपमध्ये नाही.

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली तेव्हा दूरसंचार आणि इंटरनेट या सेवा अत्यावश्यक ठरल्या. आम्ही पास खिशात घालून रिकाम्या रस्त्यांवरून फिरलो, लोकांची घरून चालणारी कामे आणि मुलांच्या शाळा चालू राहाव्यात म्हणून. सेवा अत्यावश्यक, पण ती देणारा कामगार अत्यावश्यक नाही, हा न्याय आम्हाला अजून उमगलेला नाही.

‘इंजिनिअर’ या शब्दाचे मोल

आमच्या नेमणूकपत्रावर, ते मिळालेच तर, ‘नेटवर्क इंजिनिअर’, ‘सीनिअर एक्झिक्युटिव्ह’, ‘टीम लीड’ अशी भारदस्त पदे असतात. पद मोठे, पगार लहान. आणि हक्क मागायला गेले की ऐकवले जाते, ‘तुम्ही काही कामगार नव्हेत, तुम्हाला कामगार कायदा लागू नाही.’ आमच्यांतले कित्येकजण हे खरे मानतात. युनियन ही कारखान्यातल्या लोकांसाठी असते असे त्यांना वाटते.

हे साफ चुकीचे आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात आणि आताच्या औद्योगिक संबंध संहितेतही कामगार या शब्दाच्या व्याख्येत अंगमेहनतीच्या आणि कारकुनी कामाबरोबर तांत्रिक व यंत्रचालनाचे काम स्पष्टपणे धरलेले आहे. पगाराची मर्यादा आहे ती पर्यवेक्षण करणाऱ्यांना, सध्या १८ हजार रुपयांची. तांत्रिक काम करणाऱ्याला ती नाही. म्हणून पाहायचे ते पत्रावरचे पद नव्हे, प्रत्यक्षातले काम. जो स्वतः केबल जोडतो, राउटरवर आज्ञा टाइप करतो, तक्रार क्रमांक बंद करतो, तो कामगार आहे, मग त्याच्या दारावर काहीही पाटी असो.

पदाबरोबर प्रमाणपत्रांचा ससेमिराही येतो. सिस्कोच्या सीसीएनए परीक्षेची फी ३०० डॉलर आहे आणि प्रमाणपत्र तीन वर्षांनी संपते. नोकरीसाठी ते हवे, कंत्राट मिळवताना ते ठेकेदाराला दाखवायला हवे, पण पैसे कामगाराने भरायचे! लाइनमनला खाते शिकवत होते, आम्ही कर्ज काढून शिकतो आणि त्याचा नफा दुसरा घेतो.

‘प्रशिक्षणार्थी’ हा आणखी एक शब्द. फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसच्या म्हैसूर केंद्रातून ३०० हून अधिक प्रशिक्षणार्थींना अंतर्गत परीक्षेत नापास झाल्याच्या कारणाने एकाच वेळी घरी पाठवले गेले. देशभर त्याची चर्चा झाली, पुण्याच्या ‘नाइट्स’ या संघटनेने केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे तक्रार केली आणि राज्याच्या श्रम खात्याला चौकशी करावी लागली. त्यांना संधी दिली होती असे कंपनीचे म्हणणे होते. आमचा मुद्दा एका कंपनीपुरता नाही. ‘प्रशिक्षणार्थी’, ‘कंत्राटी’, ‘सल्लागार’, ‘एक्झिक्युटिव्ह’ असे शब्द जितके वाढतात तितका ‘कामगार’ हा शब्द आक्रसत जातो, आणि त्या शब्दाबरोबर हक्कही.

हे पूर्वी घडले आहे

निराश होण्याचे कारण नाही. तारेवर काम करणाऱ्यांचा इतिहास आमच्यापासून सुरू होत नाही. १९०८ साली तारखात्यातील कर्मचाऱ्यांनी रंगूनपासून कराचीपर्यंत संप केला. कामाच्या वेळा आणि पाळ्या हे त्या असंतोषाचे एक मोठे कारण होते. ११ जुलै १९४६ रोजी टपाल-तार कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. त्याच्या पाठिंब्यासाठी २९ जुलैला सगळे कलकत्ता बंद राहिले. खुद्द तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण त्या लढ्यांनी मिळवलेले हक्क तिच्याबरोबर संपले नाहीत.

सर्वांत महत्त्वाचे उदाहरण १९८७ चे आहे. टपाल-तार खात्यात वर्षानुवर्षे रोजंदारीवर खड्डे खणणाऱ्या, खांब उभारणाऱ्या, तारा ओढणाऱ्या मजुरांना कायम कामगारांपेक्षा कमी मजुरी मिळत होती. त्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने सांगितले की त्यांना नियमित कामगारांच्या किमान वेतनश्रेणीएवढी मजुरी द्या आणि वर्षाहून अधिक काळ काम केलेल्यांना सामावून घेण्याची योजना आखा. त्यातून १९८९ ची योजना आली आणि हजारो रोजंदार मजूर कायम झाले. पुढे २००६ मध्ये कर्नाटकातूनच गेलेल्या उमादेवी प्रकरणातील निकालाने सरकारी सेवेत कायम होण्याची ती वाट बरीच अरुंद झाली, हेही खरे. पण त्या मजुरांपाशी पदवी नव्हती, इंग्रजी नव्हते, फोन नव्हता. हजेरीचे पुरावे होते आणि संघटना होती. आमच्यापाशी पदवी आहे, फोन आहे. संघटना नाही, आणि हजेरीचा पुरावा मालकाच्या सर्व्हरवर आहे.

बँकांमध्ये १९८३ साली संगणकीकरणाचा करार झाला तेव्हा यंत्रे किती येणार आणि नोकऱ्या किती राहणार, हा वाटाघाटींचा मुख्य मुद्दा होता. बाहेरून येऊन ती यंत्रे जोडणारा आमचा वर्ग तेव्हा उभा राहायचा होता. आज तो उभा आहे. आता यंत्रांच्या संख्येबरोबर त्यांच्यामागे राबणाऱ्या माणसांची संख्या आणि त्यांचे तासही वाटाघाटीच्या टेबलावर आले पाहिजेत. बँक, विमा, रेल्वे, रुग्णालये यांतल्या कायम कामगारांच्या संघटनांनी आपल्या इमारतीत येणाऱ्या नेटवर्कच्या कंत्राटी मुलाला आपल्या मागणीपत्रात जागा द्यावी, ही आमची त्यांना विनंती आहे.

आमच्या मागण्या

१. ऑन कॉल पाळी लेखी असावी, तिला ठराविक भत्ता असावा, आणि रात्रीच्या कामानंतर सलग विश्रांती मिळावी.

२. नियमित वेळेबाहेरचा प्रत्येक तास नोंदला जावा आणि त्याला दुप्पट दराने मजुरी मिळावी. हजेरीची प्रत कामगाराला मिळावी.

३. सेवा करारातील दंड कामगाराच्या पगारातून कापण्यास स्पष्ट बंदी असावी.

४. प्रत्येक नेमणूकपत्रावर मूळ आस्थापनेचे नाव छापलेले असावे. कामगारांची संख्या ५० पेक्षा कमी असली तरी मूळ आस्थापनेची जबाबदारी कायम राहावी.

५. खांबावर किंवा चेंबरमध्ये एकट्या माणसाला पाठवू नये. सुरक्षा साधने नसतील तर काम नाकारण्याचा हक्क असावा.

६. कामासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्रांचा खर्च मालकाने करावा आणि त्या अभ्यासाचा वेळ कामाचा वेळ धरावा.

यांपैकी एकही मागणी अवाजवी नाही. कोणतीही मान्य केली तर कोणाचे नेट बंद पडणार नाही. उलट झोपलेला, जेवलेला, सुरक्षित कामगार कमी चुका करतो, हे मालकालाही कळते.

मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात धरून बसायचे असे मात्र नाही. आजपासून प्रत्येकाने एक साधी वही ठेवावी. किती वाजता बोलावले, किती वाजता काम संपले, कोणी सांगितले, कोणत्या जागी, पगारातून काय कापले, हे रोज लिहावे. पगारपत्रक, संदेश, नेमणूकपत्र यांच्या प्रती स्वतःपाशी ठेवाव्यात. पीएफ कापला जात असेल तर तो खात्यात जमा होतो का, हे दर महिन्याला पाहावे. एकट्याची वही म्हणजे तक्रार. पन्नासजणांच्या वह्या एकत्र आल्या की तो पुरावा होतो आणि कामगार आयुक्तांच्या कचेरीत पुरावा लागतो.

बंधूंनो आणि भगिनींनो, दोन यंत्रांमधली तार तुटली तर ती कुठे तुटली हे आम्ही काही मिनिटांत सांगतो. शेजारच्या रॅकपाशी काम करणारा, पण दुसऱ्या ठेकेदाराच्या कागदावर असलेला आपला सहकारी किती पगार घेतो, हे मात्र आपल्याला ठाऊक नसते. ते त्याला विचारण्यापासून संघटनेला सुरुवात होते. ते या आठवड्यातच विचारा.